‘टीईटीचा फॉर्म भरू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

शिक्षकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. आमच्या पांढरकवड्याकडच्या बहुतेक ग्रुपवर तो येऊन गेला. मजकूर थोडक्यात असा: टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा सक्तीची करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१३ पूर्वी नोकरीला लागलेल्यांना लागू नाही. फॉर्म भरला की निकाल मान्य केल्यासारखे होते. कोणीच बसले नाही तर सरकार काही करू शकत नाही. या वयात ही परीक्षा निघत नाही. आणि हा सगळा जिल्हा परिषदेच्या शाळा बंद करायचा डाव आहे.

लिहिणाऱ्याचा राग मला समजतो. पण हा सल्ला मानून कोणी घरी बसले तर नोकरी त्याची जाईल, मेसेज पाठवणाऱ्याची नाही. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

पहिला मुद्दा सरळ चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ सप्टेंबर २०२५ चा. पहिली ते आठवीला शिकवणारे, शिक्षण हक्क कायद्याच्या आधी लागलेले आणि निवृत्तीला ५ वर्षांपेक्षा जास्त काळ असलेले शिक्षक त्यात स्पष्टपणे येतात. त्यांना निकालापासून २ वर्षांत टीईटी व्हायचे आहे. ज्यांची ५ वर्षांपेक्षा कमी सेवा उरली ते नोकरीत राहतील, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही टीईटी लागेल. आपल्याकडे ५८ ला निवृत्ती. म्हणजे निकालाच्या दिवशी वयाची ५३ वर्षे झाली होती की नव्हती, एवढे जन्मतारखेवरून बघा. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे, तो वेगळा. मुदतीत पास न झालेल्यांना सक्तीची निवृत्ती आहे, पण पात्र सेवा झाली असेल तर निवृत्तीचे लाभ द्यायचे आहेत. ‘सगळे पैसे बुडाले’ म्हणून कोणी कोणाला घाबरवू नये.

यातला अन्यायही सांगितला पाहिजे. २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने टीईटी आणली, त्याच अधिसूचनेत आधी लागलेल्यांना सूट होती. त्या भरवशावर माणसे १५ वर्षे शिकवत राहिली आणि आता नियम बदलला. संघटनांनी हे न्यायालयात आणि रस्त्यावर मांडलेच पाहिजे. फक्त पुनर्विचार याचिका दाखल होणे म्हणजे स्थगिती मिळणे नव्हे. याचिका चालू असताना मुदतही चालूच राहते.

दुसरा मुद्दा, फॉर्म भरला की हक्क गेला. निकालात असे कुठेही नाही. तुम्ही परीक्षेला बसल्याने संघटनेची याचिका निकाली निघत नाही. उद्या सूट मिळाली तरी पास झाल्याचे नुकसान काय? टीईटीचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते, पूर्वीची ७ वर्षांची अट गेली.

तिसरा, ‘कोणीच बसू नका’. हे होणार नाही. तुमच्या केंद्रातल्या शाळांमधलेच कितीतरी जण गुपचूप अभ्यासाला लागले आहेत. मागे राहतील ते भामरागड, एटापल्ली, झरी जामणी, धारणी अशा दुर्गम तालुक्यांतले, ज्यांना खरी माहिती उशिरा पोचते आणि मेसेज मात्र लगेच पोचतो.

चौथ्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचे आहे, कारण माणूस खचतो तो इथेच. परीक्षेचा निकाल फार कमी लागतो हे खरे, बऱ्याचदा एक अंकी टक्क्यात. पण पेपर समोर ठेवून बघा. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पास व्हायला खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण, राखीवला ५५ टक्के. पहिली ते पाचवीच्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. परिसर अभ्यास आपण रोज शिकवतो. मराठीची फार भीती नसते. अडते ते इंग्रजी व्याकरणात, गणिताच्या वेगात आणि मानसशास्त्राच्या नावांत.

त्यातली नावांची भीती सगळ्यात आधी जाऊ शकते. आम्ही काही जण रविवारी एकत्र बसतो. एकदा पियाजे या मानसशास्त्रज्ञावरचा प्रश्न आला आणि एक मॅडम गप्प झाल्या. कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, शाळेत त्यांची वर्षानुवर्षे गेलेली. मी टेबलावर चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या, आठ-आठच्या, आणि एक ओळ पसरून ठेवली. मॅडम लगेच म्हणाल्या, “पोरगं म्हणते हे जास्त! सर, हे तर मी दरसाल पाह्यते, याले नाव असते हे मालूम नव्हतं.” बालमानसशास्त्राचे बरेच प्रश्न असेच आहेत, वर्गात पाहिलेल्याला पुस्तकातले नाव जोडायचे. हे काम एकट्याने रात्री मोबाईलवर व्हिडिओ बघून होत नाही. चारजण बसले, जुन्या पेपरचा एक भाग घड्याळ लावून सोडवला आणि चुकलेल्यावर बोलले की होते. गणिताला तर नुकतेच पास झालेले तरुण सर बोलवा. त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. आपल्याकडे विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे भरतात. उन्हाळ्याचे ते जास्तीचे दिवस वाया घालवू नका.

वेळ मिळत नाही ही तक्रार मात्र शंभर टक्के खरी. द्विशिक्षकी शाळेत एक जण ट्रेनिंगला गेला की दुसऱ्याकडे चार वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसवर शाळेची माहिती भरणे, निपुण अभियानाच्या चाचण्यांची माहिती आणि वर बीएलओचे, म्हणजे मतदार याद्यांचे, काम. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देऊ नका म्हणते. आणि जनगणनेची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, नेमकी या मुदतीच्या आत आहे.

पाचवा मुद्दा, शाळा बंद करायचा डाव. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या, शासन निर्णयाने कमी पटाच्या शाळांमधली पदे धोक्यात आली, हे दुखणे खरे आहे. पण तो विषय टीईटीचा नाही. आणि कोणाला खरेच शाळा बंद करायची असेल, तर शिक्षक सक्तीने निवृत्त झालेली शाळा बंद करणे त्याला सर्वात सोपे जाईल.

राग काढायचा तर निवेदनात काढा. परीक्षा वर्षातून किमान एकदा घ्यावी असे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. राज्यात मात्र नोव्हेंबर २०२१ नंतर ती थेट नोव्हेंबर २०२४ ला झाली. मुदत २ वर्षांची देणार असाल तर त्यात परीक्षा जास्त वेळा घ्या, ही मागणी कोणालाही नाकारणे जड जाईल. धारणीच्या माणसाला पेपरसाठी अमरावतीपर्यंत दीडशे किलोमीटरच्या आसपास यावे लागू नये, म्हणून तालुक्याला केंद्र मागा. डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) आणि तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडून शाळेच्या वेळेतले मार्गदर्शन मागा. परीक्षेआधीच्या महिन्यात ऑनलाइन माहिती भरण्यातून सूट मागा.

आणि निवेदन द्याल त्याच आठवड्यात डी.एड.ची गुणपत्रिका, जातीचे प्रमाणपत्र आणि आधारवरचे नाव जुळते का ते बघून ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या मॅडमनी तर आधी, कारण राजपत्रातली नावबदलाची नोंद काढायला वेळ लागतो आणि फॉर्मची खिडकी थोडेच दिवस उघडी असते.