मनोऱ्यांचं काय?

आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर परवा धाकट्यानं एक फॉरवर्ड टाकला. कुठल्या जुन्या मशिदीखाली काय दडलंय याची भलीमोठी यादी, आणि खाली त्याचा स्वतःचा प्रश्न : 'आपल्या मनोऱ्यांचं काय?'

आपले मनोरे म्हणजे कराडचे. कराडात मशीद म्हणून त्यांचा उल्लेख मी लहानपणी क्वचितच ऐकला. 'मनोऱ्यापाशी थांब' म्हणायचे, बस. आजोबा बाजाराला जाताना सायकल धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, टोपी पडेपर्यंत वर बघ. माझ्या डोक्यावर टोपी नसायची, त्यांचीच पडायची.

मी लंडनमध्ये राहते. इथून घरच्यांना शहाणपण शिकवण्याची खोड सगळ्यांना लागते, तशी मलाही. मी लगेच ब्रिक लेनच्या मशिदीचा फोटो पाठवला. १७४३ साली फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंटांनी ती प्रार्थनाघर म्हणून बांधली. १८१९ मध्ये तिथं मेथडिस्ट आले, १८९८ मध्ये ज्यूंचं सिनेगॉग झालं आणि १९७६ पासून बांगलादेशी लोकांची मशीद आहे. विटा त्याच. वर भिंतीवर एक सूर्यघड्याळ आहे, त्यावर लॅटिनमध्ये 'उम्ब्रा सुमुस', म्हणजे आपण सावली आहोत, आणि १७४३ हे साल. नंतर आलेल्या सगळ्यांनी ते तसंच राहू दिलं.

धाकट्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं. 'ताई, तिथं एक निघून गेला आणि मग दुसरा आला. पाडून कुणी बांधलं नव्हतं.'

खरं आहे. मी वादात हरले, आणि ते बरंच झालं. ब्रिक लेनचा दाखला सोयीचा होता. पाडापाडीचाच हिशेब काढायचा तर इंग्लंडात आठव्या हेन्रीकडे जावं लागतं. १५३६ ते १५४० या चार-पाच वर्षांत त्यानं मठ बंद केले, जमिनी विकल्या, छपरांवरचं शिसं उतरवून वितळवलं. ते भग्न मठ आज लोक तिकीट काढून बघतात. पण म्हणून इथं सगळं शहाण्यासारखं चालतं असंही नाही. २०२४ च्या जुलैअखेर साउथपोर्टच्या मशिदीवर जमावानं विटा फेकल्या, तेव्हा माझ्या ऑफिसातली मुस्लिम मैत्रीण आठवडाभर घरून काम करत होती. लंडनकडून मनोऱ्यांसाठी धडा घ्यावा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कायद्याचं म्हणाल तर १९९१ चा कायदा सरळ आहे : १५ ऑगस्ट १९४७ ला प्रार्थनास्थळ जे होतं, ते तसंच राहील. अयोध्येचा वाद त्यातून वगळलेला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवे दावे नोंदवू नका, असंही सांगितलं. मला तो कायदा पटतो. धाकट्याला पटत नाही. तिथं आमचं जमणार नाही.

मला सलतं ते वेगळंच. मनोरे १०६ फूट उंच आहेत, पहिल्या अली आदिलशहाच्या काळातले. म्हणजे ज्याच्या राजवटीत तालिकोटची लढाई झाली आणि विजापूरची जामा मशीद उभी राहू लागली, तोच. मशिदीत अरबी-फारसी शिलालेख आहेत. कराडात मी अठरा वर्षं काढली. आगाशिवच्या लेण्यांना शाळेची सहल नेली, साठाहून जास्त लेणी आहेत म्हणून पाठ करून घेतलं, कराडचं करहाटक हे जुनं नावही घोकून घेतलं. त्या शिलालेखांत काय लिहिलंय, हे एकाही गुरुजींनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. खाली काय असेल यावर भांडायला आम्ही सगळे तयार. वर काय कोरलंय ते मात्र वाचलेलं नाही. यात धाकटा आणि मी एकाच माळेचे मणी.

म्हणून ग्रुपवर लिहिलं, बाबा, वाद राहू दे, त्या शिलालेखांचे फोटो तरी पाठव. इथं फारसी वाचणारं कुणीतरी गाठते. दोन दिवस काहीच नाही. मग काल संध्याकाळी फोटो आला. एक मनोरा, आडवी गेलेली केबलची वायर, वर उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ. खाली लिहिलं होतं : 'आत गेलो होतो. चहा पाजला. अक्षरं उंचावर आहेत, शिडी लागेल. रविवारी जातो.'