काय होत नाही बे!

काही वस्तू आपण पैसे मोजून घरात आणतो आणि त्या आपल्याच वाटेत आडव्या येतात. इस्त्री लावली की फ्यूज उडतो. पावसाळ्यात गीझर लावला की मेन बोर्डातला तो टेस्ट बटणवाला स्विच खाली पडतो. तीन पिनांचा प्लग दोन भोकांच्या बोर्डात शिरत नाही. सोलापूरकरानं ही अडवणूक किती सोसायची? आपल्याकडे चार शब्दांचा मंत्र आहे: काय होत नाही बे. तो घराघरांत नीट कसा वापरायचा, त्याची ही कृती.

सुरुवात कूलरपासून करू. पारा ४३ वर गेला की नियम पाळायला वेळ नसतो. पत्र्याचा कूलर माळ्यावरून उतरवा. आतला पंप गेल्या वर्षीचाच असू द्या. त्याच्यावर क्षाराचा पांढरा थर बसलाय, वायरीला जोड आहे, जोडावर काळी टेप आहे आणि ती टेप पाण्यात बुडणार आहे. हे बघायला टाकीत वाकावं लागतं. कशाला वाकता? आता प्लग घ्या. तिसरी पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. लांब अशासाठी, की खोचताना ती सगळ्यांत आधी लागावी आणि उपसताना सगळ्यांत शेवटी सुटावी, म्हणजे कूलरचा पत्रा क्षणभरही अर्थिंगशिवाय राहू नये. इतकी काळजी घेणारी पिन घरात कोणाला सोसते? पकडीनं मोडून टाका. प्लग आता कुठल्याही बोर्डात जाईल.

टाकी भरायची ती कूलर चालू ठेवूनच. एक हात पत्र्यावर, पाय ओल्या फरशीवर, चप्पल दाराबाहेर. प्लग उपसून पाणी भरणारे आणि हात पुसून मगच बटण लावणारे लोक भित्रे. त्यांना दोन मिनिटं वारा मिळत नाही. अंग ओलं असलं की विजेला होणारा त्याचा विरोध हजारेक ओहमपर्यंत उतरतो. २३० व्होल्टला भागून बघा, २३० मिलीअँपियर येतात. हृदयाचा ठेका बिघडायला याच्या निम्मेही पुरतात.

‘पण आमच्याकडे एमसीबी आहे की!’ आहे ना. जास्त भार आला की पडणारी ती कळ. १६ अँपियरची आहे, म्हणजे १६,००० मिलीअँपियरची. ती वायरीला वाचवायला बसवलेली असते, माणसाला नव्हे. तुमच्या अंगातून वीज वाहत असते तेव्हा एमसीबीच्या लेखी घरात एक जास्तीचा पंखा लागलेला असतो.

माणसासाठी असतो तो दुसरा, टेस्ट बटणवाला. आरसीसीबी. हा पेढीवरच्या मुनीमासारखा: फेजमधून किती वीज गेली, न्यूट्रलमधून किती परत आली, एवढंच मांडत बसतो. ३० मिलीअँपियरचा फरक पडला की हिशेब जुळत नाही म्हणून डोळ्याचं पातं लवायच्या आत दुकान बंद करतो. असा मुनीम कोणाला चालेल? त्यातून तो पडतो तेव्हा घरात कुठंतरी गळती सहसा खरीच असते. बहुधा गीझरची कॉइल चिरलेली असते, नाहीतर कूलरचा पंप किंवा ओल धरलेला बाहेरचा बोर्ड निघतो. सगळे प्लग काढून, स्विच वर करून, एकेक वस्तू लावत गेलं तर पंधरा मिनिटांत गुन्हेगार सापडतो. पण वायरमनला ‘डायरेक्ट करून टाक’ म्हणायला पाच मिनिटंच लागतात. ते टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं. ते तर अजिबात दाबू नका. दाबून स्विच पडला नाही तर नवा घ्यावा लागेल.

घरात अर्थिंगच नसेल तर त्यावर एक पेठेतला उपाय आहे: बोर्डाच्या आत न्यूट्रलमधून वायरीचा तुकडा टाकून तो अर्थच्या भोकाला जोडणे. टेस्टरला काही कळत नाही, मशीन चालतं, वायरमन खूश. वाऱ्यावादळात खांबावरची न्यूट्रल तुटेपर्यंत सगळं झकास असतं. ती तुटली की फ्रिज, कूलर, वॉशिंग मशीन, सगळ्यांचे पत्रे एकदम २३० व्होल्टवर. ज्यांच्याकडे अर्थिंगचा खरा खड्डा आहे त्यांनी त्यावर कोबा करून दुचाकी लावावी. मे महिन्यात माती वाळली की अर्थिंगचा जोर जातो, म्हणून खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं असतं. आपल्यालाच पुरत नाही, जमिनीला कुठलं पाजता?

फ्यूजचं मी थोडक्यात सांगतो. किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या डबीत, फ्यूजची तार घालू नका, ती वितळते. तांब्याच्या चार तारा पिळून घाला. मग भिंतीतली दीड चौरस मिलिमीटरची वायरच फ्यूजचं काम करते. फरक इतकाच, की फ्यूज चिनीमातीच्या डबीत जळतो आणि वायर पडद्यामागे.

पाण्याकडे वळू. काही दिवसांआड येणारं, तेही कधी मध्यरात्री. अशा पाण्याची वाट बघत नुसतं बसणं पुरुषार्थाला शोभत नाही, नळालाच मोटर लावा. गल्लीतली जुनी पाइपलाइन गटाराशेजारून जाते आणि तिच्या जोडांना बारीक गळती असते. आत दाब आहे तोवर पाणी बाहेर गळतं, म्हणून गटारातलं आत येत नाही. पाच घरांनी एकदम मोटरी लावल्या की पाइपात दाबाऐवजी ओढ तयार होते आणि त्याच भोकांतून गटार आत येतं. पुढं गॅस्ट्रो आणि कावीळ. मोटरवाल्याच्या घरात ती आधी पोचते हा एक न्यायाचा भाग, पण शेजारच्या बिनमोटरवाल्या म्हातारीलाही चुकत नाही. मोटर ठेवायची ती नळाच्या खड्ड्यातच, गुडघाभर पाण्याशेजारी, आणि तिचा प्लग वरच्या मुद्द्याप्रमाणे दोन पिनांचा.

मग बॅरल. डेंग्यूच्या डासाची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बॅरलच्या आतल्या भिंतीला चिकटवते. नुसतं पाणी ओतलं तर अंडी तशीच राहतात, काही महिने कोरडी तगतात आणि नवं पाणी चढलं की फुटतात. अंड्यातून डास बाहेर यायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा बॅरल रिकामं करून आतून काथ्यानं घासायचं आणि तोंडाला फडकं बांधायचं. सोलापुरात! जिथं चादरींची कमी नाही! नको, झाकण उघडंच ठेवा. बॅरलला हवा लागते.

गॅसचा वास आला तर सगळ्यांत आधी दिवा लावून बघा कुठून येतोय ते. एक्झॉस्ट पंखाही लावा. स्विच लावताना ठिणगी पडते हे पुष्कळांना माहीत असतं; चालू दिवा बंद करतानाही पडते, हे थोड्यांनाच ठाऊक असतं, त्यामुळे दोन्ही करून घ्या. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. दार उघडून, रेग्युलेटर बंद करून, बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावला तर प्रसंगाची मजाच जाते. आणि सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवर आतून लिहिलेलं अक्षर वाचू नका. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, पुढं बी, सी, डी, आणि शेजारी वर्षाचे दोन आकडे. त्या तिमाहीपर्यंतच त्याची चाचणी धरलेली असते. डिलिव्हरीवाल्या पोराला घाई असते, त्याला खोळंबवणं बरं दिसत नाही. रबरी नळी तर पाच वर्षांनी बदलायची म्हणतात. एवढ्या वर्षांत मुलगा बालवाडीतून पाचवीत जातो, त्याची आठवण ठेवायची की नळीची?

हेल्मेट कोपरात घाला. सात रस्त्याच्या चौकात कोपर सुखरूप राहतं.

राहिला कारखाना. खाली माग, वर संसार किंवा झोपलेले कामगार, ही आपली जुनी रीत. टॉवेलच्या विणकामात कापसाची लव उडते आणि मोटरीवर, वायरींवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर बसते. मोटरीवर बसली की मोटर तापते, आणि तापलेल्या मोटरीवर तीच लव पेट घेते. मग जाळ त्याच थरावरून भिंतभर पळतो. ती झाडून पोत्यात भरू नका, कंप्रेसरच्या हवेनं उडवा, म्हणजे खालची वर जाऊन बसेल. जिन्यात गठ्ठे रचा. खिडक्यांना न उघडणाऱ्या जाळ्या मारा.

२०२५ च्या मे महिन्यात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, पहाटे टॉवेल कारखान्याला आग लागली आणि ८ जण गेले. त्यात मालकाच्या घरचे होते, कामगारांच्या घरचे होते, एक तान्हं मूल होतं. अशा आगीत माणूस जाळाच्या आधी धुरानं जातो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्याला जाग येत नाही आणि जागा झालेल्याचे पाय उचलत नाहीत. चांगली हवा असते ती जमिनीपासून हात-दीड हातावर, म्हणून ओलं फडकं तोंडाला धरून रांगत निघायचं असतं. पण रांगत निघायला दुसरं दार लागतं.

तर दुसरं दार. ते तुमच्याकडे असेलच, नकाशात दाखवावं लागतं. रात्रपाळी आत गेली की त्याचं शटर बाहेरून ओढून घ्या आणि कुलूप लावा, नाहीतर टॉवेल चोरीला जातात. चावी कामगारांकडे ठेवू नका, हरवतात. ती तुमच्या घरी, जुळे सोलापुरात, देवघराशेजारच्या खुंटीला लटकवा. तिथं ती अगदी सुरक्षित राहील.