बॉल्डविन तुकड्यातुकड्यांत वाचू नका

अमेरिकेत वर्णद्वेषाची एखादी घटना घडली की जेम्स बॉल्डविन या कृष्णवर्णीय अमेरिकी लेखकाची दोन-चार वाक्यं फोटोसकट फिरायला लागतात. वाक्यं जबरदस्त आहेत, वादच नाही. पण कळकळीनं सांगते, त्याचा एक तरी निबंध अख्खा वाचा. फिरणाऱ्या वाक्यात फक्त त्याचा राग दिसतो. त्या रागाची त्यानं स्वतःच घेतलेली झाडाझडती निबंधातच सापडते.

'नोट्स ऑफ अ नेटिव्ह सन' (१९५५) या पुस्तकातला त्याच नावाचा निबंध घ्या. पोरगेला बॉल्डविन न्यू जर्सीत नोकरीला. जिथे जावं तिथे 'काळ्यांना इथे काही मिळणार नाही' हेच ऐकायचं. एका रात्री एका झकपक हॉटेलात तो मुद्दाम शिरतो, वेट्रेस घाबरत घाबरत तेच वाक्य म्हणते आणि तो पाण्याचा जग तिच्यावर भिरकावतो. नेम चुकतो, मागचा आरसा फुटतो, हा पळत सुटतो. आपला जीव जाऊ शकला असता हे तर त्याला कळतंच. पण आपणही खून करायला तयार झालो होतो, हेही तो लिहितो. स्वतःच्या मनातल्या द्वेषापासूनच आपल्याला धोका आहे, असं म्हणायला केवढी हिंमत लागते!

हा हार्लेमचा, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला मुलगा, जन्म १९२४ चा, नऊ भावंडांत थोरला. सावत्र वडील धर्मोपदेशक, आणि चौदाव्या वर्षी हाही चर्चमध्ये प्रवचनं द्यायला लागला. त्याच्या गद्याची लय मला तिथूनच आलेली वाटते. १९४८ मध्ये खिशात जेमतेम चाळीस डॉलर घेऊन तो पॅरिसला गेला. 'गो टेल इट ऑन द माउंटन' ही पहिली कादंबरी स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगराळ खेड्यात पूर्ण झाली आणि १९५३ ला आली. पाठोपाठ १९५६ मध्ये 'जोव्हानीज रूम': पात्रं गोरी, विषय दोन पुरुषांचं प्रेम. त्या काळात कृष्णवर्णीय लेखकासाठी हा सरळसरळ करिअर पणाला लावण्याचा प्रकार होता. पुढच्या काही कादंबऱ्या मला पसरट वाटतात, निबंध मात्र आजही तितकेच धारदार.

सुरुवात 'द फायर नेक्स्ट टाइम'पासून (१९६३) करा. त्यात पुतण्याला लिहिलेलं छोटंसं पत्र आहे. गोऱ्यांना तू स्वीकारलं पाहिजेस, तेही प्रेमानं, असं तो त्या पोराला सांगतो. मी ते कितीदा तरी वाचलंय. मला ते अजून पूर्ण पटत नाही. तुम्ही वाचलंत तर तुम्हाला काय वाटलं ते जरूर लिहा.