‘नंबर ड्यू आहे’ म्हणे! त्या फॉरवर्डला उत्तर

‘लकी ड्रॉचं गणित’ नावाचा मेसेज परत फिरायला लागलाय. दावे असे: दहा चिठ्ठ्या असतील, काढलेली परत टाकत गेलात तर दहा वेळात प्रत्येक नंबर एकदा येतोच, जो बरेच दिवस आला नाही तो आता येणारच, चिठ्ठी परत टाका नाहीतर बाजूला ठेवा फरक पडत नाही, तोच नंबर लागोपाठ आला तर सेटिंग, आणि जुन्या निकालांचा चार्ट ठेवा, जिंकाल. खाली हात जोडल्याचे इमोजी.

पहिला दावा कॅल्क्युलेटरवर संपतो. तुमची चिठ्ठी एका वेळी न येण्याचा चान्स 0.9, दहाही वेळा न येण्याचा 0.9 चा दहावा घात, म्हणजे जवळपास 35 टक्के. दहा वेळात दहाही नंबर बरोबर एकेकदा यायचा चान्स तर साधारण 2,756 त 1. सगळे नंबर एकदा तरी दिसायला सरासरी 29 च्या वर वेळा हात घालावा लागतो!

‘आता येणारच’ हे लोकांना इतकं पटतं त्याचं कारण मला वाटतं आपली भिशी. बारा जणांची भिशी असेल तर ज्याची चिठ्ठी निघाली ती बाजूला जाते, त्यामुळे उरलेल्याचा चान्स खरंच वाढत जातो, 12 त 1, मग 11 त 1, आणि शेवटच्या महिन्यात ज्याची राहिली त्याची खात्रीच, तिथे ‘आता माझा नंबर’ म्हणणारी काकू गणिताने एकदम करेक्ट असते. पण हा हिशोब चालतो तो डब्यातल्या चिठ्ठ्या कमी होतात म्हणून. चिठ्ठी परत टाकली की डबा पुन्हा पहिल्यासारखा, मागच्या वेळी काय निघालं ते त्याला कुठे माहीत असतं?

इटलीत हे फार महागात पडलं. तिथल्या लोट्टोमध्ये प्रत्येक शहराच्या सोडतीत 90 पैकी 5 नंबर काढतात, पुढच्या सोडतीला सगळे 90 परत आत. व्हेनिसच्या सोडतीत 53 हा नंबर 2003 मध्ये शेवटचा आला आणि नंतर 182 सोडती गायब, लोक म्हणाले आता लागणारच, आणि कर्ज काढून, साठवलेले पैसे मोडून त्यावर लावत राहिले. अखेर तो 9 फेब्रुवारी 2005 ला आला. पण त्या दिवशीही त्याचा चान्स 18 त 1 च होता, पहिल्या दिवशी होता तेवढाच.

‘परत टाका नाहीतर नका टाकू’ हे मात्र अर्धं खरं आहे. दहा हजार कूपनमधून पाच काढायची असतील तर फरक नावालाच. पण पत्त्यांच्या कॅटमधून दोन पानं काढून दोन्ही एक्के हवे असतील तर पान परत ठेवून 169 त 1, न ठेवता 221 त 1. डबा जेवढा छोटा तेवढं हे जास्त बोचतं.

सेटिंगवाल्यांसाठी बल्गेरिया. 6 सप्टेंबर 2009 ला 49 पैकी 6 च्या लॉटरीत 4, 15, 23, 24, 35, 42 आले आणि 10 तारखेला तेच सहा परत, फक्त क्रम वेगळा. सरकारने चौकशी लावली, गडबड सापडली नाही. ठरावीक सहा नंबर येण्याचा चान्स 1,39,83,816 त 1 आहे हे खरंय, पण अशा एका लॉटरीच्या साधारण 4,400 सोडती झाल्या की त्यात कुठलंतरी कॉम्बिनेशन रिपीट झालेलं असण्याचा चान्स 50 टक्क्यांपर्यंत जातो. लागोपाठ येणं त्याहून कितीतरी दुर्मिळ, मान्य, पण जगभरात वर्षानुवर्षं इतक्या सोडती चालतात की कुठेतरी हेही घडतं. दोनदा आलं एवढ्यावरून सेटिंग सिद्ध होत नाही, त्याला वेगळा पुरावा लागतो.

राहिला चार्ट. तो कामाला येतो ते डबा नीट ढवळला नसेल तर. 1 डिसेंबर 1969 ला अमेरिकेत व्हिएतनाम युद्धासाठी कोणाला आधी बोलवायचं ते ठरवायला 366 जन्मतारखांच्या कॅप्सूल काढल्या, वर्षअखेरच्या महिन्यांच्या शेवटी टाकलेल्या आणि नीट मिसळल्याच नव्हत्या, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरवाल्यांचे नंबर जास्त करून आधी लागले. पुढच्या वर्षी पद्धतच बदलली. तिथे निकाल मांडून बघितल्यावर दिसला तो ढवळण्यातला दोष, कुठलीच तारीख ‘ड्यू’ वगैरे नव्हती.