शब्दामागे किती? एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

'दवंडी ते व्हॉट्सॲप' या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी चार दिवसांत तीनदा वाचली. पहिल्या वाचनात राग आला, दुसऱ्या वाचनात तो ओसरला आणि तिसऱ्या वेळी मी हाती पेन्सिल घेऊन आपल्या मुद्द्यांना क्रमांक दिले. इतर वाचकांच्या सोयीसाठी एवढे सांगतो की नेरुळच्या या वाचक मुंबईच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून देणाऱ्या केंद्रात, ऑपरेटर म्हणून आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झाल्या आहेत. त्यांचे आक्षेप तीन. मी माध्यमांची शिडी रचली असून प्रत्येक नव्या पायरीवर जुन्या माध्यमाचा मृत्यू दाखवला आहे, हा पहिला. पोस्टकार्डाबद्दल मी गळा काढला, पण 'उघड्या कार्डावर सासुरवाशीण काय लिहिणार होती?' हा प्रश्न मला सुचला नाही, हा दुसरा. आणि डिजिटल माध्यमांमुळे बोलणे फुकट झाले, ज्यांना कोणी विचारत नव्हते ते बोलू लागले, ही गोष्ट मी दोन ओळींत उरकली, हा तिसरा. त्याशिवाय जाता जाता एक टोला आहे: एवढ्या मोठ्या मराठी लेखात मराठीचे काय झाले याचा पत्ताच नाही.

पहिला आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. 'मोबाइल आला आणि तार मेली' हे माझे वाक्य ऐकायला बरे वाटते, पण ते चुकीचे आहे. घराघरांतून तारेची गरज एस.टी.डी. (ऑपरेटरविना परगावी थेट फोन लावण्याची सोय) आणि फॅक्स यांनी मोबाइलच्या आधीच कमी करत आणली होती. तरीही तार सेवा १५ जुलै २०१३ पर्यंत तग धरून होती आणि आदल्या दिवशी तर आठवण म्हणून तार पाठवणाऱ्यांची तार कार्यालयांत गर्दी झाली. त्याहून मोठी गंमत अशी की तार गेली तरी तारेचा कायदा गेला नाही. दंगलीच्या किंवा परीक्षेच्या काळात एखाद्या जिल्ह्यातले मोबाइल इंटरनेट बंद ठेवण्यासाठी जे नियम २०१७ मध्ये करण्यात आले, ते १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाखालीच होते, आणि त्या अधिनियमाची जागा घेणारा दूरसंचार कायदा थेट २०२३ मध्ये संमत झाला. ज्या माध्यमाला मी लेखात मूठमाती दिली होती, त्याच्याच नावाचा कायदा आपल्या खिशातल्या फोनवर राज्य करत होता. शिडी मोडली, हे उघड आहे.

शिडी काढून टाकल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, जी मला लेख लिहिताना दिसायला हवी होती. पानिपतची बातमी १७६१ च्या जानेवारीत उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांपर्यंत सावकाराच्या पत्रातून गेली. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही, अशा आशयाचा तो सांकेतिक मजकूर होता. मजकूर तारेइतका आटोपशीर आहे, पण तो पोहोचला तो जासुदाच्या पायांच्या आणि घोड्याच्या वेगाने. आमच्या ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी आली तेव्हा ते चौतीस किलोमीटर माणसाला नव्या वेगाने कापता आले. मात्र त्याच दशकात देशभर उभ्या राहू लागलेल्या तारेच्या खांबांनी याहून विलक्षण गोष्ट केली, ती म्हणजे निरोप निरोप्यापासून वेगळा केला. तो क्षण खरा तुटीचा आहे. संगणक आणि मोबाइल त्या तुटीच्या पलीकडच्याच काठावर आले, म्हणून केवळ वेगाच्या मोजमापाने माध्यमांचा इतिहास सांगणे फारसे उपयोगाचे नाही.

मग कशाच्या मोजमापाने सांगावा? आपल्याच प्रतिक्रियेतल्या एका वाक्याने मला उत्तर दिले. आपण लिहिले आहे की आपले सगळे आयुष्य 'तीन मिनिटे झाली' हे सांगण्यात गेले. मला वाटते, माध्यम ओळखावे ते त्याच्या दरावरून: पैसे कोण देतो, आणि कशाचे मोजून देतो. पूर्वी टपालाचे पैसे अंतरावर ठरत. १८५४ मध्ये देशभर अर्ध्या आण्याचा एकसारखा दर आला आणि हलक्या पत्रापुरते तरी ठाण्याहून कल्याण आणि ठाण्याहून कलकत्ता यांचे मोल एक झाले. १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. त्यात मोजले जात होते ते अंतरही नव्हे आणि वजनही नव्हे, तर कागदाचा तो चतकोर तुकडा. म्हणून आपले आजोबा कडेकडेने उभे-आडवे लिहीत सुटत. तारेने शब्द मोजले, ट्रंक कॉलने मिनिटे मोजली आणि ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग अशी घाईलाही किंमत लावली.

आणि दर आला की त्याला बगल देणारी युक्तीही आली. तिकीट न लावता नॉटपेड पत्र टाकायचे, ज्याचे पैसे घेणाऱ्याने द्यायचे असत, पाकिटावर ठरलेली खूण करायची, घेणाऱ्याने खूण पाहून पत्र नाकारायचे. दोघांचेही पैसे वाचले आणि खुशाली कळली. आमच्या नौपाड्यातल्या चाळीत एकाच बिऱ्हाडात फोन होता. माझा मामा नाशिकला पोहोचला की त्या फोनची घंटा तीनदा वाजून थांबे आणि शेजारच्या काकू गॅलरीतून ओरडत, 'पोहोचला गं!' २००३ मध्ये इनकमिंग कॉल मोफत झाले आणि हीच युक्ती मिस्ड कॉल या नावाने अवघ्या देशाने आत्मसात केली. नॉटपेड पत्र, तीन घंटा आणि मिस्ड कॉल ही मला एकाच कुळातली भावंडे वाटतात, आणि माझ्या शिडीवर नेमकी त्यांनाच जागा नव्हती.

आता पोस्टकार्ड. सासुरवाशिणीचा आपला प्रश्न वाचून मी खजील झालो, कारण त्याचे उत्तर माझ्याच घरात होते. माझ्या आजीला लिहिता येत नव्हते. तिचे माहेरचे कार्ड पोस्टमन वाचून दाखवी, उत्तर धाकटा दीर लिही, आणि त्या दोघांसमोर जेवढे बोलता येईल तेवढेच त्या कार्डावर उतरे. ते सगळे 'सर्व क्षेम' होते यात नवल नाही. तरीही माझा उमाळा मी सर्वस्वी मागे घेत नाही. मृत्यूची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे आणि लग्नाच्या पत्रिकेला हळद-कुंकू लागलेले असे. अक्षर न येणाऱ्या माणसालाही ते कार्ड हातात पडताच अर्धे कळत असे. ही सोय कोणत्याही टपालखात्याने दिली नव्हती, ती लोकांनी घडवली होती, आणि तिच्याबद्दल हळवे होण्याचा मला अधिकार आहे असे मी समजतो.

२०१६ पासून व्हॉट्सॲपवरचा मजकूर पाठवणारा आणि घेणारा यांच्यापलीकडे कोणाला वाचता येत नाही, म्हणजे सासुरवाशिणीला अखेर बंद पाकीट मिळाले, हे आपले म्हणणे बरोबर आहे. फक्त एवढेच जोडतो की कोण कोणाशी, केव्हा, कितीदा बोलले ही नोंद त्या पाकिटाच्या बाहेर राहते. ट्रंक कॉलचे तिकीट लिहिताना आपणही संभाषण लिहीत नव्हता. नंबर, वेळ आणि मिनिटे लिहीत होता. तेवढ्या तिकिटांवरून एखाद्या घराबद्दल किती कळत असे, हे आपल्याहून अधिक कोण जाणते?

मराठीबद्दलचा टोला सर्वांत जिव्हारी लागला, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घेतो. दराचे सूत्र येथे विशेष कामाला येते. मोर्स संकेत रोमन अक्षरांचे असल्याने आपल्याकडच्या बहुतेक तारा इंग्रजीत किंवा रोमन लिपीत जात. 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली' हे चार शब्द इंग्रजीचे एकही पुस्तक न उघडलेल्या घरांतही समजत. पुढे एस.एम.एस. आला, तेव्हा हाच प्रकार आकड्यांत झाला. एका संदेशाची मर्यादा १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. रोमन अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून त्यात १६० अक्षरे बसत. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे सोळा बिट लागतात, म्हणून ७० चिन्हे. त्यात काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' एवढ्यातच सत्तरपैकी सत्तावीस चिन्हे संपतात. 'मराठी मुले रोमनमध्ये मराठी लिहितात' अशी तक्रार करणाऱ्या अनेक अग्रलेखांच्या काळात मराठीतून लिहिणे दुपटीहून महाग होते, हे फार थोड्यांनी पाहिले. मीही पाहिले नव्हते.

लिपीच्या नशिबाशी माध्यमाचा खेळ जुना आहे. हाताने भरभर लिहायला मोडी सोयीची, पण छपाईला बालबोध, म्हणजे देवनागरी, सोयीची. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात मिशनरी विल्यम कॅरी यांनी १८१० मध्ये मराठी कोश मोडी टाइपात छापला खरा, तरी छापखाना अखेर बालबोधाकडे वळला आणि मोडी दप्तरांत राहिली. संगणकावर देवनागरी आली तेव्हाही सुरुवातीला प्रत्येक फॉन्टचे गणित वेगळे. ठाण्यात टंकलेला मजकूर वाशीच्या संगणकावर उघडला की चिनी भासावा असा गिचमिडकाला दिसे. युनिकोडने, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेने, ते निस्तरले, पण मराठीच्या गरजा त्यातही सावकाश पोहोचल्या. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरक मराठी माणसाला पहिलीत कळतो, कळफलकाला मात्र तो समजावून द्यावा लागला. आणि २०१४ मध्ये मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली; छपाईने बाजूला सारलेली लिपी संगणकाने परत आत घेतली, हा शिडीविरुद्धचा आपल्याला आणखी एक पुरावा.

तिसऱ्या आक्षेपाशी मात्र मी अर्धाच सहमत आहे. पूर्वी बोलण्याला भांडवल लागे, हे निर्विवाद. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघाले आणि १८४० मध्ये बंद पडले. आमच्या ठाण्यात १८६६ मध्ये 'अरुणोदय' निघाले, याचा मला स्थानिक अभिमान आहे. पण वृत्तपत्र काढणे म्हणजे छापखाना, कागद, कंपोझिटर आणि वर्गणीदार हे सगळे जमवणे होते, आणि ज्यांना ते जमत नव्हते त्यांचे म्हणणे इतरांच्या मर्जीवर छापले जाई किंवा छापलेच जात नसे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' काढले, त्यासाठी शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले होते. मुक्यांना बोलायला त्या काळी एवढी रक्कम लागत होती. आज तेच काम एका स्वस्त फोनवर होते, हे आपले म्हणणे मी लेखात ठळकपणे मांडायला हवे होते.

पण 'फुकट' या शब्दाशी मी अडखळतो. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातून आपण बसने जात असाल, तर खिडक्या नसलेल्या त्या प्रचंड डेटा सेंटरच्या इमारती आपण पाहिल्या असतील. ज्याला आपण क्लाउड म्हणतो तो ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून आहे आणि अहोरात्र वीज खातो. त्या विजेचे बिल कोणीतरी भरतेच. शब्दामागचा दर पाठवणाऱ्याच्या खिशातून निघाला, तो नाहीसा झाला नाही.

आणि पाठवणाऱ्याला काहीच मोजावे लागत नाही तेव्हा काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. त्याआधी तशा अफवा व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होत्या. मारले गेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी गावोगाव हिंडणारे होते. वासुदेव, गोंधळी, डवरी गोसावी हे आपल्याकडचे छापखान्याआधीचे माध्यम. अनोळखी माणूस दारात येऊन काही सांगतो, गातो, मागतो आणि पुढे जातो, यावर ते चालत आले. माझ्या लेखात 'लोकमाध्यमे' या पायरीवर त्यांचे कौतुक आहे आणि 'समाजमाध्यमे' या पायरीवर अफवांबद्दल अर्धा परिच्छेद आहे, पण त्या दोन्हींची गाठ एका गावच्या बाजारात कशी पडली, हे मी लिहिले नाही. आपण दाखवलेल्या उणिवांहून मला ही मोठी वाटते.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०१९ च्या जानेवारीत ती जगभर लागू झाली आणि एप्रिल २०२० पासून फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. हे वाचताना मला आपले तीन मिनिटांचे वाक्य आठवले. पैशांच्या रूपाने गेलेला दर संख्येच्या रूपाने परत आला आहे. फरक असा की टपालाचा आणि तारेचा दर सरकार राजपत्रात छापत असे, त्यावर केंद्रीय कायदेमंडळात भांडता येत असे. पाच हा आकडा मात्र एका कंपनीने ठरवला, आणि तो आणखी कमी करतानाही आपल्याला कोणी विचारले नाही.

मूळ लेखातला तारेचा परिच्छेद मी बदलला आहे, 'पायरी' हा शब्द सर्वत्र काढला आहे आणि मराठीवर एक नवा भाग जोडतो आहे. पोस्टकार्ड ठेवले आहे, आता आजीसह. आपल्याकडून मात्र एक गोष्ट हवी आहे. तीन मिनिटे संपत आली की ऑपरेटर मध्ये बोलत असे, हे ऐकणाऱ्याच्या बाजूने मला आठवते. आपल्या बाजूने काय होत असे? बोलणाऱ्याचा आवाज भरून आलेला असताना आपण कधी घड्याळाकडे पाहायचे विसरलात का, आणि त्या तिकिटावर मग किती मिनिटे लिहिलीत?

आपला,
ठाण्याचा लेखक