हृदयाचा रिपोर्ट नॉर्मल आहे. मेंदूचं काय?

"ऑपरेशन छान झालं, आता तुमचा मुलगा इतर मुलांसारखाच." जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलाच्या माझ्यासारख्या अनेक आयांनी हे वाक्य ऐकलंय. हृदयापुरतं ते खरंही ठरतं. लेकाचा एको (हृदयाची सोनोग्राफी) दरवेळी चांगला येतो, तो धावतो, पोहतो. पण पेपर अर्धा सोडून येतो, तीन कामं एकदम सांगितली तर एक करून विसरतो, आणि मित्र थट्टा करतोय की खरंच चिडलाय हे त्याला पटकन कळत नाही. शाळा म्हणते लक्ष नाही. नातेवाईक म्हणतात लाडावून ठेवलाय. आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे विषय काढला की उत्तर येतं, "हार्ट एकदम उत्तम आहे." अहो, ते कळलं. मी मेंदूबद्दल विचारतेय.

माझं मत स्पष्ट आहे. जन्मजात हृदयविकाराच्या मुलांच्या मेंदूच्या वाढीची तपासणी हृदयाच्या फाइलमध्येच, पहिल्या दिवसापासून असली पाहिजे. मूल शाळेत मागे पडल्यावर आईबापांनी दारोदार फिरून ती करून घ्यायची, ही पद्धत चुकीची आहे.

कारण गोष्ट ऑपरेशनच्या कितीतरी आधी, पोटातच सुरू होते. एरवी नाळेतून आलेलं जास्त ऑक्सिजनचं रक्त गर्भाच्या हृदयात डावीकडे वळतं आणि त्यातलं बरंचसं मेंदूकडे जातं. टीजीए (ट्रान्सपोझिशन ऑफ द ग्रेट आर्टरीज) या जन्मजात दोषात महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या जागांची अदलाबदल झालेली असते. त्यामुळे चांगलं रक्त फुप्फुसांकडे जातं आणि मेंदूच्या वाट्याला कमी ऑक्सिजनचं येतं. हृदयाची डावी बाजू नीट घडलेलीच नसेल, तर मेंदूला रक्त उलट्या वाटेने, महाधमनीतून मागे वळून पोहोचतं. आणि हे सगळं नेमकं कधी? शेवटच्या तीन महिन्यांत, जेव्हा मेंदू झपाट्याने वाढत असतो, त्याला वळ्या पडत असतात. 2010 साली गर्भातल्या बाळांच्या एमआरआयवरून हेच दिसलं: दिवस भरत येतील तसं या बाळांच्या मेंदूचं आकारमान अपेक्षेपेक्षा मागे पडत जातं.

त्याआधी 2007 साली पूर्ण दिवसांच्या 41 हृदयविकारी नवजात बाळांचे एमआरआय ऑपरेशनपूर्वीच काढले होते. जवळपास एक तृतीयांश बाळांच्या श्वेतद्रव्यात (मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंच्या भागात) इजा आढळली. अशी इजा सहसा अकाली जन्मलेल्या बाळांत दिसते. 2009 मधल्या अभ्यासात तर गंभीर हृदयविकारांच्या बाळांचा मेंदू परिपक्वतेत सुमारे महिनाभर मागे निघाला. म्हणजे पोटातले नऊ महिने भरलेले, मेंदू मात्र आठ महिन्यांचा, आणि त्याच अवस्थेत बायपास मशीन (ऑपरेशनवेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणारं), भूल, आयसीयू.

पूर्वी सगळा संशय ऑपरेशनवरच होता. म्हणून बोस्टनमध्ये 1988 पासून टीजीएच्या बाळांवर एक मोठी चाचणी झाली. शरीर थंड करून रक्ताभिसरण पूर्ण थांबवायचं की मशीनने मंद सुरू ठेवायचं, यातलं मेंदूला काय बरं, हा प्रश्न होता. सुरुवातीला फरक दिसलाही. पण त्या मुलांना सोळाव्या वर्षापर्यंत पाहत राहिले, तेव्हा दोन्ही गटांत फारसा फरक उरला नव्हता, आणि दोन्ही गट मिळून जवळपास दोन तृतीयांश मुलांना कधी ना कधी अभ्यासाची, वागणुकीची किंवा इतर विशेष मदत लागली होती. एमआरआयमध्ये दोष होते साधारण तिघांतल्या एकात. म्हणजे सगळा दोष ऑपरेशनच्या पद्धतीवर टाकून भागत नाही.

आता उलट बाजू. एमआरआय म्हणजे बाळाची पत्रिका नव्हे. स्कॅनवर डाग असूनही छान शिकणारी मुलं आहेत, आणि स्वच्छ स्कॅनवाली अडखळणारीही. बहुतेकांचा बुद्ध्यांक सर्वसाधारण मर्यादेतच येतो. अडचण असते ती लक्ष टिकवणं, नियोजन, आकार-अंतराचा अंदाज, समोरच्याच्या मनातलं ओळखणं यात. काही जनुकं हृदय आणि मेंदू दोन्हींच्या घडणीत असतात, त्यांचाही वाटा. आयसीयूतला मुक्काम, आईबापांचा ताण, हेही त्यात मोजावं लागतं. म्हणून मी प्रत्येक बाळाचा स्कॅन काढा असं म्हणत नाही. ठरावीक वयात नीट विकास-तपासणी करा, एवढंच म्हणतेय. ज्यांच्या बाळाला एखादं लहान छिद्र होतं आणि ते आपोआप बुजलं, त्यांनी हे वाचून झोप उडवून घेऊ नये. मी बोलतेय ती पहिल्या वर्षातच ओपन हार्ट झालेल्या, निळ्या पडणाऱ्या, अकाली जन्मलेल्या किंवा जनुकीय दोष असलेल्या मुलांबद्दल. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 मध्येच अशा मुलांची वेळोवेळी तपासणी करा असं सांगितलंय, 2024 मध्ये ते नव्याने मांडलंय.

"आईबाप घाबरतील म्हणून सांगत नाही" हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. लेकराचं हृदय थांबवायच्या कागदावर आम्ही सही केलेली असते. त्यानंतर "चौथ्या वर्षी याचं बोलणं आणि लक्ष तपासू" या वाक्याने कोण घाबरणार आहे? ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमवायला शिकवणारी), स्पीच थेरपी लवकर सुरू झाली तर मुलाचे कितीतरी अपमान टळतात.

मोठ्यांची तर कुणी चौकशीच करत नाही. जन्मजात हृदयविकाराची बहुसंख्य मुलं आता मोठी होतात. डेन्मार्कमधल्या 2018 च्या अभ्यासात अशा प्रौढांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त आढळलं, विशेषतः पासष्टीच्या आतल्या. हे पुढचं झालं, पण आजचं काय? पंचविशीतला पेशंट गोळ्या विसरतो, अपॉइंटमेंट चुकवतो, तर फाइलवर "बेजबाबदार" असा शेरा पडतो. नियोजन आणि आठवण याच दोन गोष्टी त्याला जड जातात का, हे तपासायला त्याला कुणी पाठवलं होतं का?