आपल्या घरी गॅट्सबी आणावयाचा असल्यास

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, मुलीचे संगीत किंवा नव्या घराची वास्तुशांत, यांपैकी कोणत्याही निमित्ताने 'ग्रेट गॅट्सबी थीम' ठेवण्याचे आपण ठरविले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. पैठणी आणि फेटा यांचा आता सर्वांनाच कंटाळा आला आहे. अमेरिकेत लेकीकडे आलो असताना गेल्याच महिन्यात अशा एका समारंभाला मी भाड्याचा बो टाय लावून पाच तास उपस्थित होतो, त्यामुळे चार अनुभवाच्या गोष्टी सांगण्याचा अधिकार मला आपोआपच मिळाला आहे.

सर्वांत मोठी खबरदारी ही, की ज्या 'द ग्रेट गॅट्सबी' या कादंबरीवरून ही थीम निघाली, ती वाचू नये. ती १९२५ साली प्रसिद्ध झाली, जेमतेम दोनशे पानांत आटोपते आणि दोन संध्याकाळींत वाचून होते, म्हणजे धोका मोठा आहे. चुकून कोणी वाचलीच असेल, तर पाहुण्यांच्या यादीतून त्याचे नाव वेळीच गाळावे. आमच्या यजमानांकडून नेमकी ही चूक झाली. मी तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवले हे ठाऊक असूनही त्यांनी मला बोलावले आणि वर, "काका, गॅट्सबी आणि डेझीच्या अमर प्रेमावर दोन मिनिटे बोला ना," असा आग्रहही केला.

जागा शक्य तर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या उत्तर किनाऱ्यावरचीच निवडावी. लेखक फिट्झजेराल्ड १९२२ ते १९२४ या काळात तेथेच, ग्रेट नेकला राहत होता आणि कादंबरीतली नवश्रीमंतांची वस्ती त्याने त्यावरूनच रचली. न्यू जर्सीतल्या एडिसनहून तिकडे जाताना क्वीन्समध्ये फ्लशिंग मेडोजचे मैदान लागते. आमच्या गाडीतल्या सर्वांनी टेनिसच्या स्टेडियमकडे आणि पोलादी पृथ्वीगोलाकडे बोटे दाखवली. त्याच परिसरात त्या काळी न्यूयॉर्कच्या भट्ट्यांमधल्या राखेचे डोंगर होते, ते १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी सपाट करण्यात आले. कादंबरीत श्रीमंतांचे बंगले आणि शहर यांच्या मध्ये हीच राख पसरलेली आहे आणि तिच्याच काठाशी विल्सन नावाचा गॅरेजवाला आपल्या बायकोसह राहतो. हे मी सांगू लागताच जावईबापूंनी गाण्याचा आवाज वाढवला. आपणही तसेच करावे.

दारू मुबलक असावी; कथेच्या काळात अमेरिकेत तिच्यावर बंदी होती आणि गॅट्सबीची दौलत औषधांच्या दुकानांतून चोरून विकलेल्या मद्यावर उभी होती, याची वाच्यता करू नये.

हिरवा दिवा हवाच. खाडीपलीकडे डेझीच्या धक्क्याच्या टोकाला जळणारा तो दिवा प्रत्यक्षात तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे टॉम ब्यूकॅननच्या मालकीच्या जागेत आहे, ही गोष्ट मात्र झाकून ठेवावी. आम्हाला निघताना प्रत्येकी एक बॅटरीवरचा हिरवा दिवा भेट मिळाला. परक्याच्या घराकडे रात्र रात्र टक लावून पाहण्याचे ते स्मृतिचिन्ह दीडशे सज्जनांनी कापडी पिशवीत घालून आपापल्या संसारात नेले.

या कादंबरीवरच्या २०१३ च्या चित्रपटात आपला अमिताभ होता, हे दर टेबलावर एकदा तरी सांगितले गेले पाहिजे. त्याने रंगवलेला वुल्फशाइम हा जुगारी आपणच गॅट्सबीला वर आणले असे कादंबरीत अभिमानाने सांगतो आणि त्याच्या अंत्यविधीला येण्याचे मात्र टाळतो. पण तेवढ्यासाठी अभिमान आवरण्याचे कारण नाही.

आता मोत्यांविषयी. जेवणाआधी यजमानांनी पत्नीला मंचावर बोलावले, तिच्या गळ्यात तीन पदरी मोत्यांची माळ घातली आणि ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले, "माझ्या डेझीला, तिच्या गॅट्सबीकडून!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या, कारण हात रिकामे होते. पण डेझीला मोत्यांची माळ गॅट्सबीने दिलेली नाही. १९१७ साली तो लुइव्हिलला तिच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या खिशात दमडी नव्हती. अंगावर लष्करी गणवेश होता म्हणून ते कोणाला दिसले नाही, इतकेच. तो युद्धावर गेला आणि १९१९ च्या जूनमध्ये तिने शिकागोच्या टॉमशी लग्न केले. माळ टॉमने दिली, लग्नाच्या आदल्या दिवशी, आणि तिची किंमत साडेतीन लाख डॉलर होती. त्या रात्री डेझी एका हातात मद्याची बाटली आणि दुसऱ्या हातात एक पत्र घेऊन पलंगावर पडलेली सापडते, कचऱ्याच्या टोपलीतून माळ बाहेर काढते आणि 'ज्याची असेल त्याला परत करा' म्हणून रडते. मैत्रीण तिला थंड पाण्याच्या टबात बसवते. मुठीतल्या पत्राचा लगदा होतो, अर्ध्या तासाने माळ पुन्हा गळ्यात येते आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता लग्न लागते. पत्र कोणाचे होते ते लेखक लिहीत नाही, लिहिण्याची गरजही नाही. तेव्हा पंचवीस वर्षे आपल्याबरोबर नांदलेल्या बाईला भरसभेत यजमानांनी जे कळवले, ते 'मी टॉम आहे' एवढेच होते. आणि तीही माउली हसतमुखाने हात हलवत होती!

बरे, माळ सोडा, गॅट्सबीचे प्रेम घ्या. तिच्या घरासमोर यावे म्हणून हा माणूस खाडीच्या अलीकडे हवेली घेतो आणि कधीतरी ती वाट चुकून येईल या आशेवर अनोळखी लोकांना जेवू घालतो. ती येते तेव्हा तो तिच्यासमोर विलायती शर्टांचा ढीग घालतो आणि ती त्या शर्टांत तोंड खुपसून रडते. एवढ्यावर त्याचे समाधान नाही. तिने नवऱ्याला तोंडावर सांगावे की मी तुझ्यावर कधीच प्रेम केले नाही, मधली पाच वर्षे पुसून टाकावीत, असा त्याचा हट्ट आहे. त्याला जिवंत बाई नकोच आहे, त्याला १९१७ साल परत हवे आहे. तिच्या आवाजात पैसा खुळखुळतो, हे तोच बोलून दाखवतो. पुढे त्याची पिवळी गाडी तीच चालवत असते, गाडीखाली विल्सनची बायको मरते, आळ हा स्वतःवर घेतो आणि विल्सन याला त्याच्याच पोहण्याच्या तलावात गोळी घालतो. डेझी नवऱ्याबरोबर सामान बांधून निघून जाते. निरोप नाही, एक फूलही नाही. याला अमर प्रेम म्हणायचे? फिट्झजेराल्डला हे हवेतून सुचले नव्हते. १९१९ साली त्याच्याजवळ पैसे नाहीत म्हणून झेल्डाने त्याच्याशी ठरलेले लग्न मोडले होते, आणि १९२० च्या मार्चमध्ये पहिली कादंबरी बाहेर पडताच आठ दिवसांनी तिने त्याच्याशी लग्न केले. मुलगी आणि पैसा यांचा हिशेब त्याने स्वतःच्या पाटीवर मांडून पाहिला होता.

यातले मी जेमतेम दोन वाक्ये बोललो. अंत्ययात्रेपर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच संगीतवाल्याने ढोल सुरू केला आणि यजमान माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, शेवट कशाला सांगता? मूड जातो."

मूड जातो! अहो, ज्याच्या घरी उन्हाळाभर शेकडो माणसे खाऊन-पिऊन गेली, त्याला पोहोचवायला त्याचा म्हातारा बाप, शेजारी निक, चार-दोन नोकर, एक पोस्टमन आणि घुबडासारख्या चष्म्याचा एकच पाहुणा एवढीच माणसे आली. त्याच्या घरात महिनोन् महिने फुकट राहिलेला माणूस फोन करतो, तो विसरलेले टेनिसचे बूट पाठवून द्या म्हणून! तुम्ही निमंत्रणपत्रिका छापलीत ती या गोष्टीची. तुम्हाला पिसे, मणी आणि शॅम्पेनच हवी होती, तर पिसे-मण्यांची पार्टी म्हणायचे होते, कोण अडवत होते? १९४० साली चव्वेचाळिसाव्या वर्षी तो लेखक गेला, तेव्हा या पुस्तकाच्या दुसऱ्या छपाईच्या प्रती गोदामात पडून होत्या, आणि आज त्याच्या नायकाचे नाव तुम्हाला केकवर हवे आहे, पुस्तक मात्र नको आहे. इतकी वर्षे या देशात राहता, मुलांच्या दप्तरात शाळा हे पुस्तक घालते, त्या दप्तरातून काढून एकदा वाचायला काय झाले होते?

फोटो काढण्यासाठी तुम्ही पुस्तकांच्या कपाटाचे चित्र छापलेला पडदा लावला होतात. कादंबरीतला तो घुबडी चष्म्याचा पाहुणा गॅट्सबीच्या ग्रंथालयात शिरतो आणि पुस्तके पुठ्ठ्याची नसून खरी आहेत हे पाहून थक्क होतो. त्यांची जोडलेली पाने कापलेली नव्हती, म्हणजे ती कोणी वाचली नव्हती, हे खरे, पण त्या माणसाने पुस्तके तरी विकत आणली होती. तुम्ही पडदाही भाड्याने आणलात, आणि मला त्याच्यापुढे उभे करून वर म्हणालात, "काका, जरा हसा की!"